कवीच्या टेबलातील निळी प्रत



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलणार अशी त्यांची समजूत होती. 'कवितेचा पहिला खर्डा आणि त्यावरची खाडाखोड' हा विषय आम्ही कळवला, तेव्हा ते जरा बुचकळ्यात पडले. हा विषय प्राध्यापकांचा. नववीत शाळा सोडून कारखान्याच्या फाटकावर उभ्या राहिलेल्या माणसाने त्यात का शिरावे? त्यांनी तसे म्हटले नाही, पण चेहऱ्यावर दिसले. आमचे उत्तर एवढेच की, खर्डा म्हणजे काय हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? गेली तीस वर्षे आम्ही मागणीपत्रके लिहीत आलो आहोत. मागणीपत्रकाचा पहिला खर्डा रागाचा असतो, दुसरा हिशेबाचा, आणि तिसरा वकिलाने पाहिलेला. 'पाहिजे' लिहायचे की 'मिळावे' लिहायचे, यावर युनियनच्या खोलीत रात्री जागवलेल्या आहेत. कवीच्या टेबलावर याहून फार वेगळे घडत असेल असे आम्हांला वाटत नाही.

आज आम्ही सांगणार आहोत ती हकीकत वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीची. त्याचे पुस्तक एकच, 'लीव्हज ऑफ ग्रास', म्हणजे गवताची पाती. ते १८५५ साली निघाले आणि १८९२ साली कवी वारला तोवर तो ते दुरुस्त करीतच होता. सदतीस वर्षे एकाच पुस्तकाची दुरुस्ती! पण आम्हांला या माणसाकडे ओढले ते याने नव्हे. एका जुन्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आम्ही वाचले की, या कवीची सरकारी नोकरी गेली, आणि ती त्याच्या टेबलात सापडलेल्या खर्ड्यामुळे गेली. त्या दिवसापासून आम्ही त्याच्यावर मिळेल ते वाचू लागलो. बडतर्फीचे प्रकरण दिसले की आमच्याने राहवत नाही.

व्हिटमनचा जन्म १८१९ चा, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. बाप सुतार. पोराने अकराव्या वर्षी शाळा सोडली, वकिलाकडे निरोप्याचे काम केले आणि पुढे छापखान्यात उमेदवारी धरली. खिळे जुळवायला तो तिथे शिकला. मग शाळामास्तरकी, मग वर्तमानपत्रे. ब्रुकलिनमधल्या एका दैनिकाचा तो संपादक झाला. पण नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देऊ नये असे तो लिहू लागला आणि मालकाशी बिनसले. १८४८ च्या आरंभी ती जागा गेली. म्हणजे मतांपायी नोकरी जाणे त्याला नवे नव्हते.

त्याच्या कवितेचे सर्वांत जुने खर्डे छोट्या टिपणवह्यांत सापडतात. त्यांतली एक वही फार महत्त्वाची आहे. अभ्यासक पूर्वी तिचा काळ १८४७ धरीत, आता १८५४ च्या सुमाराचा मानतात. या वहीत आधी गद्य आहे. वाक्ये, विचार, टाचणे. आणि मग एका पानावर ते गद्य अचानक ओळीओळीने तुटू लागते. आपण पद्य लिहू लागलो आहोत हे लिहिणाऱ्याला त्या क्षणी कळले असेल किंवा नसेलही. त्या पहिल्या ओळींत तो गुलाम आणि गुलामांचे धनी, दोघांचाही कवी होण्याची प्रतिज्ञा करतो, दोघांच्या मध्ये उभे राहण्याची भाषा बोलतो. ही भूमिका आम्हांला बिलकुल पटत नाही. मालक आणि मजूर यांच्या मधोमध उभा राहणारा माणूस शेवटी कोणाच्या बाजूला सरकतो हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पण छापील पुस्तक उघडावे तर तिथे चित्र वेगळेच आहे. पळून आलेला गुलाम कवीच्या दाराशी येतो. कवी त्याला आत घेतो, त्याचे पाय धुवायला पाणी देतो, आपल्या खोलीशेजारची खोली देतो, जेवायला शेजारी बसवतो. आणि कोपऱ्यात बंदूक टेकून ठेवलेली असते. दोन्ही बाजूंना समजून घेण्याची गोष्ट खर्ड्यात होती. पुस्तकात बंदूक आली. आमच्या मते ही दुरुस्ती नुसती शब्दांची नव्हे.

या वहीचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्याच्या भीतीने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मौल्यवान कागदपत्रे पेट्यांत भरून १९४२ साली दूर हलवली. १९४४ साली पेट्या परत आल्या तेव्हा व्हिटमनच्या दहा वह्या नाहीशा झाल्या होत्या. त्यांपैकी चार १९९५ साली परत मिळाल्या, त्यांत ही वही होती. आमच्याकडे कवीच्या वह्या म्हटले की इंद्रायणी आठवते. तिकडे पन्नास वर्षांनी चार वर आल्या असे म्हणावे.

१८५५ च्या पुस्तकाची मुद्रणप्रत मात्र कायमची गेली. ती छापखान्यातच पडून होती. एक तर विस्तव पेटवायला गेली, नाही तर भंगारवाल्याकडे, असे म्हातारपणी व्हिटमनच सांगे. ब्रुकलिनमध्ये फुल्टन आणि क्रॅनबेरी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर रोम बंधूंचा छापखाना होता. कोर्टकचेरीचे छापील नमुने हा त्यांचा मुख्य धंदा. पुस्तकाचे पान एवढे मोठे आहे ते त्या नमुन्यांच्या कागदामुळे असावे, असा अलीकडच्या अभ्यासकांचा तर्क आहे. कवी रोज तिथे जाई, प्रूफे तपासी, आणि काही पाने त्याने स्वतः जुळवली. प्रती निघाल्या ७९५. कविता बारा, एकीलाही नाव नाही. मुखपृष्ठावर कवीचेही नाव नाही. आत चित्र आहे ते मात्र गळ्याशी सदरा उघडा टाकून, डोक्यावर टोपी, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या कामकरी माणसाचे.

छापखान्यातल्या माणसाची दुरुस्ती कशी असते पाहा. यंत्र चालू असताना व्हिटमनला एका ओळीत खोट दिसली. त्याने यंत्र थांबवून ती ओळ बदलली. कागद महाग, आधी छापलेले ताव फेकायचे कोणी? तेही तसेच बांधले गेले. म्हणून आज काही प्रतींत जुनी ओळ आहे, काहींत नवी. आणखी एक गंमत. पहिल्या दीर्घ कवितेच्या शेवटी काही थोड्या प्रतींत पूर्णविराम आहे, बाकीच्यांत नाही. कविता अनंत आहे म्हणून कवीने पूर्णविराम दिला नाही, असे मोठमोठे अर्थ विद्वानांनी त्यातून काढले. पुढे प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्यावर उघड झाले की छपाई चालू असता तो एवढासा खिळाच निसटला होता. कोणाही जुळाऱ्याला विचारले असते तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते!

१८५६ साली दुसरी आवृत्ती निघाली, बारांच्या बत्तीस कविता झाल्या. १८६० ची तिसरी आवृत्ती बॉस्टनच्या प्रकाशकांनी काढली. ती ४५६ पानांची झाली. ती छापली जात असता एमर्सन कवीला भेटला. एमर्सन हा त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत मोठा विचारवंत, आणि व्हिटमनच्या पहिल्या पुस्तकाचे मनापासून स्वागत करणारा. बॉस्टनच्या मैदानावर दोघे फिरत राहिले आणि एमर्सनने पटवण्याचा प्रयत्न केला की शरीरसुखाविषयीच्या कविता वगळाव्या, म्हणजे पुस्तक खपेल. व्हिटमनने सारे ऐकून घेतले. त्या युक्तिवादाला आपल्यापाशी उत्तर नव्हते असे तो पुढे कबूल करी. पण वगळले काहीच नाही. सल्ला मित्राचा होता, जबरदस्ती नव्हती, आणि म्हणूनच दोघांचा स्नेह टिकला.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. व्हिटमनचा भाऊ जखमी झाल्याची बातमी आली, म्हणून १८६२ च्या डिसेंबरात तो व्हर्जिनियाला धावला, आणि पुढे वॉशिंग्टनलाच राहिला. पोटासाठी सैन्याच्या पगार-कचेरीत नकलनविशी करायची आणि उरलेला वेळ रुग्णालयांत जखमी शिपायांपाशी बसायचे, त्यांची पत्रे लिहून द्यायची, असा त्याचा क्रम होता. १८६५ च्या जानेवारीत त्याला तेथल्या मूळ रहिवासी जमातींचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत कारकुनाची कायम जागा मिळाली. पगार वर्षाला १२०० डॉलर. मे महिन्यात बढतीही मिळाली.

या कचेरीतल्या टेबलाच्या खणात तो १८६० च्या आवृत्तीची एक प्रत ठेवीत असे. तिला निळे कागदी वेष्टन होते, म्हणून पुढे ती 'निळी प्रत' या नावाने प्रसिद्ध झाली. नवी आवृत्ती काढायची होती, तिचा तो खर्डा. काम नसेल तेव्हा कवी ती काढी आणि दुरुस्त्या करी. तिची पाने आता छापून प्रसिद्ध झालेली आहेत. थोडी पाने सोडली तर कोरे पान नाही. शिशपेन्सिल आहे, निरनिराळ्या शाया आहेत, डकवलेल्या चिठ्ठ्या आहेत. कडव्यावर उभी रेघ, बाजूला 'काढा' असा शेरा, आणि मग तोच शेरा खोडलेला. शब्द बदलला, पुन्हा पहिलाच घातला. जुना करार समोर ठेवून नवा लिहिताना आमच्या कागदांची जी दशा होते तीच.

मे १८६५ मध्ये त्या खात्याला नवे मंत्री आले. जेम्स हार्लन, आयोवाचे माजी सिनेटर, मेथॉडिस्ट पंथाचे कर्मठ गृहस्थ. त्यांनी आल्या आल्या हुकूम काढला की, कोणाची राजनिष्ठा संशयास्पद आहे आणि कोणाची वागणूक ख्रिस्ती समाजाच्या शिष्टाचाराला सोडून आहे, याचा खातेवार अहवाल पाठवा. कचेरी सुटल्यावर खोल्यांतून फेरी मारताना त्यांच्या हाती ती निळी प्रत लागली. त्यांनी ती आपल्या खोलीत नेऊन वाचली आणि परत होती तिथे ठेवली. ३० जून १८६५ रोजी व्हिटमनच्या हाती दोन ओळींचे पत्र पडले की आजपासून तुमची सेवा संपली. कारण दिलेले नाही.

कवीचे मित्र ॲश्टन हे सरकारी वकिलाच्या खात्यातले वजनदार अधिकारी. ते हार्लनना भेटले. असे पुस्तक लिहिणाऱ्याला मी परत घेणार नाही, खुद्द अध्यक्षांचा हुकूम आला तरी आधी राजीनामा देईन, असे त्यांना ऐकवण्यात आले. शेवटी ॲश्टन यांनी व्हिटमनला आपल्याच खात्यात जागा दिली, तीही दुसऱ्या दिवशी. म्हणजे कवी उपाशी राहिला नाही. पण त्याचा स्नेही ओकॉनर याने १८६६ च्या आरंभी एक जळजळीत पत्रक छापून हार्लनना चव्हाट्यावर आणले, आणि ज्या पुस्तकाकडे फारसे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याच्या कर्त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. कवी वारल्यावर हार्लननी खुलासा केला की त्याला काढले ते कामाची गरज नव्हती म्हणून. हे वाक्य आमच्या फार ओळखीचे आहे. जगाच्या पाठीवर कुठेही जा, हे वाक्य तेच असते.

यातली खरी खोच अशी की हार्लननी जे वाचले ते धड जुने पुस्तक नव्हते आणि नवेही नव्हते. त्या प्रतीत कवी स्वतःशी वाद घालीत होता. काही कविता काढून टाकण्याच्या विचारात होता. 'कॅलमस' या पुरुषापुरुषांतील प्रेमाच्या कवितामालेतल्या तीन अतिशय खाजगी कविता १८६७ च्या आवृत्तीतून खरोखरच गळाल्या. उलट प्रतीतल्या कितीतरी दुरुस्त्या त्याने पुढे घेतल्याच नाहीत. माणूस मनाशी जे बोलतो त्यावरून त्याचा न्याय करायचा म्हटले तर कोण सुटेल?

आमच्या पाहण्यातले एक प्रकरण सांगतो. एका कारखान्यातला एक मदतनीस कविता करी. पर्यवेक्षकाने त्याचे कपाट उघडले, त्यात वही सापडली, आणि व्यवस्थापनाविषयी अनादर पसरवल्याचे आरोपपत्र त्याच्या हातात पडले. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही उभे होतो. वादाची ओळ वाचून दाखवण्यात आली. आम्ही वही मागून घेतली आणि दाखवले की ती ओळ त्याने स्वतःच आडवी रेघ मारून खोडलेली आहे. चौकशी अधिकारी म्हणाले, "खोडलेली आहे, पण वाचता येते ना?" चार महिने तो निलंबित राहिला. मग कामावर आला.

इथवर आम्ही छातीठोक सांगू शकतो. याच्या पुढचे सांगताना जीभ अडखळते. पुढल्या वर्षी कामगार दिनासाठी त्याने पोवाडा रचला. त्यात एक चौक होता. वर्गणी गोळा करून मोटारीतून हिंडणाऱ्या पुढाऱ्यांवर. सभेच्या आदल्या रात्री आम्ही तो चौक काढून टाकला. ऐक्याला बाधा येईल, असे कारण सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही म्हणाल तसं," आणि दुसऱ्या दिवशी तेवढे वगळून गायला. त्यानंतर त्याने आमच्याकडे एकही रचना आणली नाही. आम्ही बरीच वर्षे मानीत होतो की त्याचे लिहिणे आपोआप आटले. हार्लनसाहेबांची हकीकत वाचली तेव्हा तो चौक आठवला. पाठ होता, तो कागदावर उतरवून आम्ही त्याच्या घरी नेऊन दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि चहा टाकायला सांगितले.

व्हिटमनकडे परत येऊ. तो स्वतःची काटछाट नेहमी चांगलीच करी असे आम्ही म्हणणार नाही. १८५५ च्या पुस्तकात त्याने आपले नाव कवितेतच घातले होते आणि स्वतःला रस्त्यावरच्या रांगड्या, दांडग्या लोकांपैकी एक म्हणवले होते. १८६७ च्या आवृत्तीत नाव आहे, पण रांगड्यांशी सांगितलेले ते नाते गेले. त्या वेळी कवी सरकारी कचेरीत बसत होता, मित्रमंडळी त्याला थोर, पिकल्या केसांचा सज्जन ठरवीत होती. हा शब्द कोणी हुकूम देऊन काढवला नव्हता. कदाचित कोटाची सवय झाल्यावर उघडा सदरा अडचणीचा वाटू लागला असेल. आमच्यातले काही जण फाटकावरून विधिमंडळात गेले तेव्हा त्यांच्या भाषणातले असेच काही शब्द गळाले होते. पहिल्या आवृत्तीत ओळीच्या मध्येच टिंबांची रांग येई, जणू माणूस बोलता बोलता श्वास घेतो आहे. पुढे त्या जागी स्वल्पविराम आले. आम्हांला टिंबेच आवडतात. पण त्याच पहिल्या दीर्घ कवितेला आधी नाव नव्हते, १८५६ साली लांबलचक नाव मिळाले, मग नुसते कवीचे नाव राहिले आणि १८८१ साली 'साँग ऑफ मायसेल्फ' हे आजचे नाव आले, ते मात्र चपखल. सव्वीस वर्षे लागली एका नावाला.

१८८१ ची ती आवृत्ती बॉस्टनच्या ऑसगुड यांनी काढली. पुढल्या मार्चमध्ये तिथल्या सरकारी वकिलाने प्रकाशकाला बजावले की हे पुस्तक अश्लील आहे, अमुक भाग काढा नाही तर खटला भरू. व्हिटमन तेव्हा अर्धांगाच्या झटक्याने खचलेला, बासष्ट वर्षांचा, पैशाची चणचण असलेला माणूस. काही थोड्या ओळी बदलायला तो प्रथम तयारही झाला. मग पुरी यादी आली. तिच्यात सबंध कविता काढायला सांगितल्या होत्या. त्याने कळवले की ही यादी एकत्र किंवा सुटी सुटी, कोणत्याही परिस्थितीत आपल्याला मान्य नाही. आयुष्यभर आपल्याच ओळी सपासप खोडणारा हा माणूस! ऑसगुडनी अंग काढून घेतले. कवीने छपाईचे ठसे आपल्या ताब्यात घेतले, फिलाडेल्फियाचा प्रकाशक गाठला, आणि बॉस्टनच्या बंदीने झालेल्या बोभाट्यामुळे पुस्तक पूर्वी कधी नव्हे इतके खपले.

शेवटची वर्षे न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी, मिकल स्ट्रीटवरच्या लहानशा घरात गेली. खोलीत जमिनीवर कागदांचा ढीग. हॉरेस ट्रॉबेल नावाचा तरुण १८८८ पासून रोज येई आणि म्हातारा जे बोले ते टिपून ठेवी. ढिगातून एखादा जुना खर्डा वर आला की कवी तो त्याला देऊन टाकी. निळी प्रतही तोवर त्याच्यापाशी होती. तिला तो फार जपे. आज ती न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

त्याच १८८८ च्या फेब्रुवारीत एका शालोपयोगी पुस्तकात त्याची लिंकनच्या मृत्यूवरची कविता छापून आली, 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!'. तिचा सगळीकडे इतका गजर झाला होता की कवीला ती लिहिल्याचा पश्चात्ताप होई. तरीही छापील पान पाहिल्यावर त्याला आढळले की प्रकाशकाने चुका केल्या आहेत आणि मजकूरही जुना घेतला आहे. अडुसष्टाव्या वर्षी, एक बाजू लुळी, त्याने ते पान पुढे ओढले, शाईने एकेक शब्द आणि एकेक विरामचिन्ह दुरुस्त केले आणि पान परत टपालात टाकले. ते पान लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवलेले आहे. त्यावर समासात, जुळाऱ्याला उमगावे अशा खुणा आहेत. प्रूफ वाचणारे त्या खुणा आजही तशाच करतात.